पोटखराबा

एकतीस वर्षं देवगड तालुक्यात मी जमिनी मोजल्या.
साखळी, शंकू, फाळणीबारा, हद्दीचा दगड.
जिथं कातळ वर यायचा, नांगर अडायचा,
करवंदीची जाळी, ओहोळाचा काठ,
पिकाच्या कामाचं नाही असं जे काही,
तिथं बारीक अक्षरात : पो. ख.
पोटखराबा. आकार शून्य.
शाई सरकारी, निळीकाळी.

आता सकाळी पिशवी घेऊन निघतो
तो थेट तिथंच जातो.

शेतात शाई उगवत नाही, हे उशिरा कळलं.
ती बांधापलीकडे असते.
बिब्बा, जो पहिल्याच दिवशी मनगटावर उतला
आणि आठ दिवस खोबरेल चोळत बसवलं.
ऐनाची साल, जिच्यात इथले लोक पूर्वी सुती जाळी उकळायचे.
तिचं पाणी तांबूस. फुटक्या होडीचे
चार गंजके खिळे टाकले
की रात्रीत काळं होतं, तोंड पाडून.
जांभ्याची माती. मयाळूचं फळ,
ज्याचा जांभळा चैनीचा आणि खोटा,
पंधरा दिवसांत उडतो. तरी घेतो.
रोझीन फर्नांडिस माकुलं साफ करते तेव्हा
शाईच्या पिशव्या माझ्यासाठी चहाच्या डब्यात ठेवते
आणि डबा हात लांब करून देते, वास येतो म्हणून.

कोळसा घरचाच.
निगडीच्या काड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा चुलीत.
झाकणाला खिळ्याएवढं भोक. धूर थांबेपर्यंत उघडायचा नाही.
मी दोनदा उघडला. राख.

राहिलं मेण. ते लवू घाडी देतो.
सड्यावरच्या कपारीत सातेरीचं पोळं असतं,
मध तो विकतो, चोथा मला.
त्या कपारीचा गट नंबर मला पाठ आहे.
अठ्ठ्याऐंशी साली त्याचा बाप
साखळीच्या मागे मागे चालत होता :
‘साहेब, हयसर पावसात नाचणो होता, लिवा.’
मे महिना होता. कातळावर पाय ठरत नव्हता.
नाचणी मला दिसली नाही.
मी दोन अक्षरं लिहिली, दोन टिंबं दिली.
पुढे तिथून रस्ता गेला,
भरपाई त्या दोन अक्षरांच्या दरानं आली.
लवूनं हा विषय कधी काढला नाही. मीही नाही.
मेणाचे पैसे तो घेत नाही,
तेवढंच खुपतं.

कागद टेबलावर. मेण वितळवून ओततो,
हात हलू देतो.
नोकरीत एवढ्यासाठी मेमो मिळाला असता.
मग शाई सोडतो. ती धावत जाते,
मेणापाशी थबकते, वळते,
फट सापडली तर आत शिरते.
वरून कोळसा तळव्यानं घासतो.
कशाचं चित्र, मला विचारू नका.

रोझीननं विचारलंच. ‘ह्यां काय? माका तर माकुलच दिसता.’
मी कागद उचलून उलटा धरला.
‘आता मेललां,’ ती म्हणाली, आणि डबा ठेवून गेली.

लवू बराच वेळ उभा होता.
चष्मा घरी विसरलेला. मागे सरला, पुढे आला,
मग स्वतःच्याच मेणावर बोट ठेवलं,
मधोमध नाही, जरा डावीकडे :
‘हयसर पाणी रवता.’

मी वाकून पाहिलं.
मला पाणी दिसलं नाही.
खालच्या कोपऱ्यात हात सवयीनं गेला होता,
पेनचं टोपण निघालं होतं.
परत लावलं.

‘किती गुंठे?’ लवूनं विचारलं.
हसत होता की नाही, कळलं नाही.
उलटा धरल्यामुळे शाई वरच्या कडेला साचली होती,
ती आता कागदाबाहेर, टेबलावर,
टेबलाच्या फटीतून खाली
माझ्या पायापर्यंत आली होती.